राखणीचा माऊस

आमचे भोयेदादा कॉम्प्युटर बंद करत नाहीत, ते त्याला निजवतात. डिस्पॅचचं एक चलन झालं की दोन बटणं दाबतात, स्क्रीन काळी होते आणि दादा समाधानाने म्हणतात, "नीज बाबा." कीबोर्डवर जुना रुमाल घालतात. जागा राहतो तो फक्त माऊस. त्याच्या पोटाखालचा लाल दिवा तसाच चालू असतो. कॉम्प्युटर झोपला तरी माऊस हलला की त्याने उठायचं, अशी सेटिंग दादांनी स्वतः शोधून केली होती. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "राखणीला एक तरी पायजे ना!"

आमचा कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला. माझं टेबल दादांच्या टेबलाला चिकटून आहे, त्यामुळे या राखणीचा सगळ्यात जास्त जाच मला. दादांचा माऊस पॅडवर नसतो, डब्याच्या उपड्या झाकणावर असतो, का तर झाकण डुगडुगतं. रस्त्याने भरलेला टँकर गेला, मी चहाचा ग्लास जरा जोरात ठेवला, कोणी शिंकलं, की झाकण हलायचं, माऊस हलायचा आणि स्क्रीन भप्पकन उजळायची. लगेच दादा हातातलं काम टाकून फोन लावायचे.

"आये, हललं का?"

कारण एकच. दादांची आई डहाणूच्या आतल्या बाजूला एका पाड्यावर एकटी राहते, आणि तिकडे अधूनमधून जमीन हलते. मोठं काही नाही, पण घराच्या भिंतीला तडा गेला आहे. बोईसरला माझ्याकडे राहायला ये म्हणून दादांनी हात जोडले, पण म्हातारी ऐकत नाही. "माज्या कोंबड्यांना कोन बगल?" म्हणते. या कोंबड्यांवर तिचा भारी भरवसा. जमीन हलायच्या आधीच त्या ओरडत अंगणभर पळतात म्हणे.

म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून दादांचा फोन कायम स्पीकरवर. संभाषण आम्हाला पाठ झालं होतं.

"नाय रे. तुजा टँकर गेला आसंल."

"बरं. जेवलीस?"

"जेवले. तू?"

"जेवलो. ठेवतो."

ऑफिसातली टवाळ मंडळी मुद्दाम टेबलावर थाप मारायची. दादा चिडायचे नाहीत, फोन लावायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, आईशी बोलायचंच आहे तर सरळ फोन करा ना! बिचाऱ्या माऊसला कशाला राबवता?"

दादा माझ्याकडे बघतच राहिले. "कामाच्या टायमाला, काय कारण नसताना? ती घाबरंल ना! काय झालं म्हनंल. आनि मी काय सांगू?"

आमच्या घरातही कारणाशिवाय कोणी कोणाला फोन करत नाही.

मग मागच्या महिन्यात सगळ्या मशीन एकसारख्या करायच्या म्हणून कॉम्प्युटरवाला आला. दादांची सेटिंग बघून तो खो खो हसला. "अंकल, चूहे को भी सोने दो." त्याने ती काढून टाकली आणि वर पासवर्ड घातला. आता मशीन उठणार ती फक्त बटण दाबल्यावर.

"बटन काय सोताहून हलतंय?" दादा म्हणाले. पण तो निघून गेला होता.

त्यानंतर टँकर गेले, ग्लास आपटले, स्क्रीन काळी ती काळीच. दादांनी झाकण मात्र काढलं नाही. ते फोन हातात घ्यायचे, बघायचे आणि परत ठेवायचे. टेबलावर थाप मारायची कोणाला हिंमत होईना. ती शांतता मला टँकरपेक्षा जास्त त्रास देत होती, हे मी कबूल करतो.

असा आठवडा गेला. दुपारचा चहा आला आणि दादांचा फोन वाजला. म्हातारी स्वतःहून फोन करते हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"लक्षुमन, हललं रे हितं!"

दादा ताडकन उभे राहिले. "आये, भाईर ये! अंगनात ये!"

"अंगनातच हाय मी."

"भिंत? भांडी पडली?"

"नाय. काय नाय पडलं."

"कोंबड्या?"

"ह्या काय, पायाशी दाने टिपत्यात." पलीकडून त्यांचं संथ कुकुक् आम्हालाही ऐकू येत होतं. मग म्हातारी म्हणाली, "जरासंच हललं. तू जेवलास का?"

दादा हळूच खाली बसले. मी उगाच चहाच्या ग्लासात बघितलं. चहावर साय धरली होती आणि तिला साधी सुरकुतीही पडली नव्हती.

दादांनी झाकणावरच्या त्या निपचित माऊसवर हात ठेवला.

"जेवलो आये," ते म्हणाले. "हितंबी हललं. आत्ताच. मी फोन लावनारच होतो."