झाकणासकट

"डबा परत आला पाहिजे," बायको म्हणाली. "झाकणासकट."

चष्मेवाल्याने मान हलवली. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, त्यामुळे मान कुठे हलवायची हे त्याला नेमकं कळत असे. शिवाय डबा साधासुधा नव्हता. बायकोच्या आत्याने लग्नात दिलेला चार स्टीलच्या डब्यांचा संच, एकात एक बसणारा. त्यातला हा तिसरा. चौथा, सगळ्यांत धाकटा, तीन वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. त्याच आठवड्यात चष्मेवाल्याची ताई जेवायला आली होती आणि जाताना उरलेलं खाणं घेऊन गेली होती. बायकोने मनातल्या मनात खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला. तेव्हापासून नणंद-भावजयीचं बोलणं "बरं आहे ना?" आणि "हो, बरं आहे" एवढ्यावर आलं होतं. ताई दोन गल्ल्या सोडून राहायची, पण तीन वर्षांत तिने या घरची पायरी चढली नव्हती.

धाकटा डबा कोणी नेला, हे चष्मेवाल्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानेच नेला होता.

त्याचं असं झालं, की तेव्हा तो नुकताच डबेशोधक मंडळात दाखल झाला होता. या मंडळातली शहाणीसुरती माणसं गावभर छोटे डबे लपवत, त्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टाकत आणि बाकीचे दर रविवारी ते शोधत फिरत. डबा सापडला की आतल्या वहीत सही करायची, आतली एखादी वस्तू घेतली तर बदल्यात दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथे ठेवून घरी यायचं. नव्या सभासदाने स्वतःचा एक डबा लपवावा असा नियम होता. चष्मेवाल्याने घरातला धाकटा डबा उचलला आणि नदीवरच्या पुलाच्या कठड्याखाली ठेवला. पहिल्या दिवशी तो बायकोला सांगणार होता. दुसऱ्या दिवशी ताईचं नाव निघालं. तिसऱ्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलंच नाही. पुढे पुलाची दुरुस्ती निघाली, डबा हरवला आणि चष्मेवाल्याने मोकळा श्वास घेतला.

आज मंडळाचं वर्षअखेरचं स्नेहभोजन होतं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि अदलाबदलीसाठी एक भेटवस्तू. बायकोने अक्रोडाचा केक केला, सोळा तुकडे कापून डब्यात लावले आणि वर एक चिठ्ठी ठेवली: "सोळा तुकडे आहेत. डबा परत आला पाहिजे. झाकणासकट." तोंडी सांगितलेलं चष्मेवाल्याच्या लक्षात राहत नाही, असा तिचा अनुभव होता.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल बंद होता. चावी रखवालदाराकडे आणि रखवालदार चहाला. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात भेटवस्तूची पिशवी घेऊन त्याला शोधायचं कसं, म्हणून चष्मेवाल्याने डबा जिन्याखाली वाळूच्या बादलीमागे सरकवला. कोणाच्या पायात यायला नको, एवढाच हेतू होता. रखवालदार वीस मिनिटांनी सापडला. दोघं मागच्या जिन्याने वर आले आणि त्यांनी हॉल उघडला. एव्हाना पुढच्या जिन्याशी सगळं मंडळ जमलं होतं, आणि बादली दिसली की तिच्यामागे बघायचंच ही त्यांची सवय होती. दार उघडताच सगळे आत येऊन टेबल मांडू लागले. चष्मेवाला डबा आणायला खाली गेला. बादलीमागे भिंत होती.

तो धापा टाकत वर आला. "माझा डबा कोणी पाहिला का?"

सगळे गालातल्या गालात हसले.

"पाहिला की," प्लंबर म्हणाला. "झकास. पोस्टमनचा पहिला नंबर, माझा दुसरा."

"त्यात केक होता."

"हो ना. नियमाप्रमाणे एक तुकडा घेतला आणि नळाचा वायसर ठेवला. नवा कोरा आहे हां, वापरलेला नाही."

"मग आता डबा कुठाय?"

"तो मी हलवला," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही प्रत्येकाशी तास चालू असल्यासारखं बोलत. "तीन वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी कल्पक केलंत, पण जागा फारच सोपी. आम्ही सगळ्यांनी मिळून बरी जागा दिली."

"कुठे?"

प्लंबरने मान खाली घातली. पोस्टमन खिडकीबाहेर बघू लागला.

"असं विचारतात का?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "शोधण्यातला आनंद जातो."

"मला आनंद नकोय बाई, डबा हवाय. बायकोचा आहे तो."

"जागा सांगणं आपल्या नियमावलीत बसत नाही. नियम तुमच्यासमोर वाचून दाखवलेत मी. फार तर एक कोडं घालते, ओळखा: माझ्यावाचून इथे कोणी जेवत नाही."

चष्मेवाला तडक स्वयंपाकघरात गेला. गॅसच्या शेगडीमागे बघितलं, पाण्याच्या पिंपात हात घातला, मोरीखालचा पाइप चाचपला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"केक कसा झालाय म्हणतात?"

"बोटं चाटतायत सगळे." ही बातमी खरी होती, एवढंच त्याला समाधान.

"अस्सं. मग डबा धुऊन ठेवा. माझी ड्यूटी आत्ताच संपली, दवाखान्यातून निघालेय. तिकडूनच येते, एकत्र घरी जाऊ."

त्याने खुर्च्या उलथ्या केल्या, पडदे झटकले, वाचनालयाच्या कपाटातले ज्ञानकोशाचे बारा खंड काढून मागे हात फिरवला. मंडळी ताटल्या घेऊन भोवती उभी राहिली आणि कौतुकाने त्याच्याकडे बघत जेवली. कोणीतरी त्याच्याही हातात कागदी ताटली दिली. त्याने ती टेबलावर जिथली तिथे परत ठेवली आणि तो माळ्यावर चढला.

तो शिडीवर असतानाच बायको आली. नर्सचा पांढरा कोट हातावर, केस विसकटलेले.

"डबा?" तिने विचारलं.

"आहे."

"कुठे?"

"इथेच. म्हणजे... असणार."

बायकोने हॉलवरून एकदा नजर फिरवली. एकोणीस वर्षं तिने या माणसाचे रुमाल, किल्ल्या, पाकिटं आणि, दुकान चष्म्यांचं असूनही, रोज सकाळी त्याचा चष्मा शोधून दिला होता. ती जेवणाच्या टेबलापाशी गेली. मधोमध कागदी ताटल्यांची चळत होती आणि तिच्याखाली टेबलक्लॉथला टेंगूळ आलं होतं. तिने ताटल्या बाजूला केल्या, कापड उचललं.

"डोळ्यांसमोर तर आहे," ती सवयीने म्हणाली.

टाळ्या पडल्या. "तेवीस सेकंद," प्लंबर घड्याळ बघून म्हणाला.

डब्यात केकचे पाच तुकडे होते. बाकीच्या जागी वायसर, काचेची गोटी, शिट्टी, सात बटणं, एक जुनं तिकीट. तिच्या चिठ्ठीखाली अकरा जणांच्या तारखेनिशी सह्या. बायको बोलणार तेवढ्यात अध्यक्षबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"'झाकणासकट' हा शब्द तुमचा? जपणूक कशी शिकवावी ते एका शब्दात सांगितलंत. नियमावलीत घेतोय आम्ही. आणि केकबद्दल तर काय बोलावं."

बायकोचा चेहरा निवळला. तिच्या शब्दाची अशी कदर घरात कधी झाली नव्हती. आपण वाचलो, असं चष्मेवाल्याला वाटलं आणि तो सावकाश शिडीवरून उतरला.

मग भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या निघाल्या. पाहुण्या म्हणून बायकोलाही एक उचलायला लावली. तिला पोस्टमनची भेट आली.

"नशीबवान आहात वहिनी," पोस्टमन म्हणाला. "माझी वस्तू बाजारात मिळणारी नाही. पुलाच्या दुरुस्तीवाल्यांनी काढून ठेवली होती. आपल्या मंडळाची हरवलेली ठेव आहे म्हणा ना."

चष्मेवाल्याने शिडी घट्ट धरली.

कागद सुटला. आत धाकटा डबा होता, जरा पोचलेला, पण झाकणासकट. बायकोने तो उघडला. आत एक वही होती आणि पहिल्याच पानावर ओळखीच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: "हा माझा पहिला डबा." खाली सही, तारीख.

तारीख तिने दोनदा वाचली. मग तिसऱ्यातला ऐवज ताटलीत काढून धाकटा डबा त्यात ठेवून बघितला. तो बरोबर बसला.

"अगं, मी सांगणारच होतो—"

"घरी चला," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि बराच वेळ धाकट्या डब्याचा पोचा अंगठ्याने चोळत राहिली.

"तुमच्यावरचा राग मी उद्या काढते," ती अखेर म्हणाली. "आधी वन्संचं बघायला हवं. तीन वर्षं त्यांच्या हातचा चहा नाही घेतला मी. एखाद्या कार्यात त्या वाढायला आल्या की मी शेजारणीशी डब्यांचा विषय काढायची. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मी सांगतो ना ताईला. चूक माझी आहे."

"डबा तुम्ही नेलात. बोलणं मी तोडलं."

चष्मेवाल्याला फार वाईट वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

बायको उठली. तिने केकचा एक तुकडा धाकट्या डब्यात ठेवला आणि एका चिठ्ठीवर लिहिलं: "वन्सं, डबा तुमच्याकडे नव्हता. चूक माझी." जरा थांबून, हात आपोआप वळल्यासारखं, खाली आणखी लिहिलं: "डबा परत आला पाहिजे. झाकणासकट."

"हे कशाला?"

"नाहीतर त्यांना वाटेल दुसऱ्याच कोणी लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चोरासारखी ताईच्या दारापर्यंत गेली, कुंडीमागे डबा ठेवला आणि आली तशी परतली. चष्मेवाल्याने त्या जागेचे अक्षांश-रेखांश ताईला पाठवले आणि खाली शोधायचं कसं ते समजावून लिहिलं. ताईचं उत्तर आलं नाही. दुपार गेली. बायकोने चारदा दार उघडून बघितलं. पाचव्यांदा उघडलं तेव्हा कडीला पिशवी अडकवलेली होती.

पिशवीत डबा होता, घासून लख्ख केलेला. झाकण नव्हतं.

आत तीच चिठ्ठी. बायकोच्या ओळींखाली ताईच्या टपोऱ्या अक्षरात तारीख, सही आणि सकाळचेच अक्षांश-रेखांश. त्याखाली लिहिलं होतं: "डबा सापडला. झाकण या जागी आहे, पण कुंडीमागे नाही. आत यावं लागेल. चहा टाकते."

बायकोने चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि चप्पल पायात घातली.

"येताय ना? अक्षांश-रेखांश तुम्हालाच कळतात."

"आलोच," चष्मेवाला म्हणाला. "माझा चष्मा कुठाय?"