उणे बहात्तर तास

आमच्या कुलपांच्या कारखान्यात ईआरपी आणणार तर मीच, असं मी घरीदारी सगळीकडे सांगून ठेवलं होतं! ईआरपी म्हणजे एक भलंथोरलं सॉफ्टवेअर. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, सगळं एकाच पडद्यावर. बटण दाबलं की अख्ख्या कारखान्याचा एक्स-रे! मी नियोजन अधिकारी. म्हणजे नियोजन करायचं आणि त्याप्रमाणे काहीच होत नाही हे बघत बसायचं, ही माझी नोकरी. सॉफ्टवेअर आलं असतं तर त्याचा प्रमुख मी झालो असतो. वेगळी केबिन, काचेचं दार!

"अहो, पण मालक तुमचं ऐकतील कशाला?" बायकोनं विचारलं.

"आकडे दाखवीन! आकड्यांपुढे मालक काय, त्यांच्या ताईसुद्धा बोलायच्या नाहीत!"

ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. कारखान्यात निम्मी मालकी त्यांची. त्या बैठकीत फारशा बोलत नाहीत. पण बोलल्या की बैठक संपते.

माझी योजना अगदी सोपी होती. प्रत्येकाला एक फॉर्म द्यायचा, त्यात एकच प्रश्न: 'वस्तू, कागद किंवा माहिती शोधण्यात तुमचे रोज किती तास वाया जातात?' उत्तरांची बेरीज मालकांपुढे ठेवायची आणि केबिनच्या पडद्यांचा रंग निवडायला लागायचं.

फॉर्म वाटले आणि तासाभरात बातमी फुटली, की कॉम्प्युटर येतोय, आणि जो वेळ वाया घालवतो त्याला घरी बसवणार! दुसऱ्या दिवशी तीस फॉर्म परत आले. तिसांवर तीस शून्यं. पॅकिंगच्या बाईंनी तर शून्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. जोडणीच्या फोरमननं लिहिलं होतं, 'आम्ही काही शोधतच नाही.' हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं.

"अहो, कुणालाही काढणार नाहीत! उलट जिथं जास्त वेळ वाया जातो तिथं सॉफ्टवेअर आधी येणार. नवे कॉम्प्युटर, नव्या खुर्च्या..."

खुर्च्या हा शब्द माझ्या तोंडून नुसता ओघात गेला. पण सॉफ्टवेअर कुणाला ऐकूच आलं नाही, खुर्च्या तेवढ्या ऐकू आल्या! नवे फॉर्म आले. पॅकिंगच्या बाई, चौदा तास.

"बाई, तुमची ड्यूटी आठ तासांची आहे."

"मग? घरी गेल्यावर डोक्यात शोधाशोध चालूच असते माझी!"

हिशेबाच्या कारकुनानं अकरा तास लिहून खाली टीप दिली होती, 'खुर्चीला हात असावेत.'

फक्त स्टोअरमामांनी पुन्हा शून्य लिहिलं. मामा म्हणजे आमचे स्टोअरकीपर, बावीस वर्षं एकाच जाळीमागे बसलेले.

"मामा, लिहा ना काहीतरी!"

"मी कशाला शोधू? ठेवलंय मीच."

झाली का पंचाईत! एवढी बोलणारी आकडेवारी, आणि त्यात हा एक मुका माणूस! म्हटलं, थांबा, तुम्हाला बैठकीतच बोलावतो.

एकूण बेरीज आली रोज तीनशे बारा तास. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा! बेरीज तीनदा तपासली. डोकं एकदाही नाही.

बैठकीत मी पडद्यावर लालभडक खांब उभा केला. मालकांचा चहा हातातच राहिला.

"बाप रे! रोज?"

"रोज, साहेब!"

ताईंनी पेन्सिल उचलली. "आपली माणसं किती?"

"तीस, ताई."

"पाळी आठ तासांची. म्हणजे दोनशे चाळीस तास. त्यातले तीनशे बारा वाया?"

"हो ता..."

"म्हणजे आपण रोज उणे बहात्तर तास काम करतो. मग ही कुलपं बनवतं कोण?"

मालकांना हसण्याच्या भरात ठसका लागला. मी घाईघाईनं शेवटचं हुकमाचं पान टाकलं आणि मामांना बोलावून घेतलं. म्हटलं, हे आता अर्धा तास रॅका धुंडाळतील आणि माझी अब्रू वाचेल!

"मामा, तीन इंची पितळी कड्या कुठं आहेत? आणि किती?"

मामा बसलेसुद्धा नाहीत. "तिसरी रॅक, खालचा खण, ग्रीसच्या डब्यामागं. बेचाळीस. दोन वाकड्या."

मालक स्वतः खाली गेले. परत आले ते बाहीला ग्रीस लावून आणि परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे.

"बेचाळीस! दोन वाकड्या! अहो, हा माणूस असताना सॉफ्टवेअर हवंय कशाला?"

माझा तोल सुटला. "आणि उद्या मामा आजारी पडले तर?"

मामा आपल्या बुटांकडे बघत राहिले. "बावीस वर्षांत पडलो नाही," ते हळूच म्हणाले.

"सुट्टी कधी घेतलीत?" ताईंनी विचारलं.

"लेकीच्या बाळंतपणाला जाणार होतो. तेवढ्यात मालाची मोजणी निघाली. नातू आठ महिन्यांचा झाला. फोटोत बघितलाय."

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "तासाभरात हा एकच प्रश्न शहाण्यासारखा विचारलात. आधी मामांच्या डोक्यातलं कागदावर आणा, मग सॉफ्टवेअरचं बघू. कोण लिहून घेणार?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. बैठक संपली.

तीन आठवडे मी स्टोअरमध्ये पालथ्या खोक्यावर बसून लिहीत होतो. वस्तू चार हजार तीनशे!

"लिहा. स्प्रिंग, बारीक, उजव्या पिळाची."

"डाव्या पिळाची वेगळी असते?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बूटही उलटे घातलेत की काय असं मला वाटलं.

शहाण्णव पानं भरली. ताईंनी मामांना पंधरा दिवसांची सुट्टी दिली, जवळजवळ ढकलूनच. "नातवाला बघून या. स्टोअर हे सांभाळतील." 'हे' म्हणजे मी!

पहिल्याच सकाळी फोरमन जाळीशी आला. "किल्ल्यांचे साचे द्या. लवकर, मशीन थांबलंय!"

मी ऐटीत यादी उघडली. पान एकसष्ट. किल्ल्यांचे साचे: 'नेहमीच्या जागी.'

मामांनी तसंच सांगितलं होतं आणि मी अक्षर न चुकवता तसंच उतरवलं होतं! पुढचं पान उलटलं. नेहमीच्या जागी. त्याच्या पुढचं... नेहमीच्या जागी, पण जरा आत! मी फोन लावला.

"मामा, किल्ल्यांचे साचे कुठं आहेत हो?"

"तुम्ही कुठं उभे आहात?"

"दारात."

"मागं वळा."

मागे वळलो. दारामागच्या खुंटीला साचे लटकत होते. फोरमन जाळीतून सगळं बघत होता, आणि मला वाटतं, माझी वाया गेलेली मिनिटं मोजतही होता.

"मिळाले?" मामांनी विचारलं. मागून नातवाची कुरकुर ऐकू येत होती. "मग दिवसभरात अजून काय काय लागणार ते आत्ताच विचारून घ्या. बाळ झोपलं की मी फोन बंद ठेवणार आहे."

मी खोक्यावर बसलो, पान एक काढलं आणि विचारायला सुरुवात केली.

नातू त्या दिवशी झोपलाच नाही.