उमेदवार चिदानंद हेब्बार

चिदानंद हेब्बारांनी राजीनामा दिला तो नोकरी सोडायची म्हणून नव्हे, पगार वाढावा म्हणून. बंगळुरात इंजिनीअरचा पगार असाच वाढतो, हे त्यांना सोडून सगळ्या आयटीवाल्या व्हाइटफील्डला आधीपासूनच ठाऊक होतं. ज्या तेजसला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं, तो दोन कंपन्या फिरून परत इथेच त्यांचा साहेब शोभेल अशा पगारावर येऊन बसला होता. हेब्बार मात्र अकरा वर्षं एकाच खुर्चीत. दरवर्षी पाठीवर थाप मिळे आणि पगार एवढासा वाढे की बायकोला सांगायची लाज वाटे.

शेवटी बायकोच, सुवर्णा, वैतागून म्हणाली, "अहो, त्या तेजसला विचारा तरी, तो काय करतो ते!"

तेजस कँटीनमध्ये चौचौ बाथ, म्हणजे एका ताटलीत शिरा नि उपमा, हाणत होता. "सोप्पं आहे सर. राजीनामा टाका. बिलिंगचं ते जुनाट सॉफ्टवेअर तुमच्याशिवाय कुणाला कळतं इथे? पाय धरत येतील."

"आणि नाही आले तर?"

"येतातच हो!"

हेब्बारांनी जीव मुठीत धरून कॉम्प्युटरवर राजीनाम्याचं बटण दाबलं आणि कॉफी आणायला गेले. परत येतात तो मॅनेजर पूर्णिमा मॅडम टेबलाशी उभ्या. हेब्बारांना उगाच वाटलं, आता या पायांकडे वाकणार.

"अभिनंदन हेब्बार! लगेच मंजूर करून टाकला. तुमच्यासारखा माणूस अकरा वर्षांनी उठतोय म्हणजे ऑफर तगडी असणार. कशाला आडवं यायचं? कुठे चाललात?"

हेब्बारांनी कॉफीचा कप टेबलावर ठेवला. "ते... अजून सांगता येण्यासारखं नाहीये."

हे शब्दशः खरं होतं. पण संध्याकाळपर्यंत हेब्बार सिंगापूरला निघालेत असं ठरलं आणि ऑफिसातल्या दोघांनी गुपचूप आपले बायोडेटा त्यांच्या हातात कोंबले. हेब्बारांनी ते घेतले. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात पूर्णिमा मॅडमनी नवीनच काम काढलं. "तुमच्या जागी माणूस घ्यायचाय. मुलाखती तुम्हीच घ्या. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळतंय?"

हेब्बारांनी जाहिरात दोनदा वाचली. काम तेच, खुर्ची तीच, पगार दीडपट! ते तडक एचआरच्या जोविटाकडे गेले.

"मॅडम, माझा राजीनामा परत घेतो."

"मंजूर झालेला परत घेता येत नाही सर."

"बरं, मग ही दीडपटवाली जागा मलाच द्या."

"ती नव्या माणसाची आहे. जुन्या माणसांचं बजेट वेगळं असतं."

"मग मी करू काय?"

"नवे व्हा ना! अर्ज करा."

हेब्बारांनी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी त्यांना दोन ईमेल आल्या, एक उमेदवार म्हणून, एक परीक्षक म्हणून. खोली एक, वेळही एक. काहीतरी घोटाळा झालाय असं सांगायला ते गेले, तर पूर्णिमा मॅडम म्हणाल्या, "घोटाळा कसला? त्या विषयात तुम्हाला विचारणारा दुसरा आहे कोण?"

तेव्हा हेब्बार काचेच्या खोलीत जाऊन बसले. आधी कुठल्या खुर्चीत बसायचं याचाच निर्णय होईना. बिलिंगचे प्रश्न भराभर उरकले. मग फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न आला: आधीची नोकरी का सोडली? अकरा वर्षांत इथे बरं वाटतंय का, असं कुणी एकदाही विचारलं नव्हतं, आणि आता विचारणारेही आपणच. हेब्बारांना एकदम भरून आलं. त्यांनी 'माहीत नाही' असं लिहिलं. पैकीच्या पैकी गुण देणं बरं दिसेना, म्हणून स्वतःला दहापैकी सात दिले.

नियमाप्रमाणे जोविटाने उमेदवाराच्या आधीच्या मॅनेजरला फोन लावला. म्हणजे शेजारच्याच केबिनमध्ये.

"माणूस कसा आहे?"

"सोन्यासारखा!" पूर्णिमा मॅडम म्हणाल्या.

"मग सोडलात कसा?"

"त्याला चांगली ऑफर होती ना!"

नोटिशीचा शेवटचा दिवस उजाडला. निरोपाचा केक आला. हेब्बार सुरी हातात घेऊन उभे असताना जोविटा आली.

"सॉरी सर. तुमची निवड नाही झाली. अकरा वर्षं एकाच जागी राहिलेला माणूस आपल्या कंपनीत रुळेल का, अशी वरच्यांना शंका आहे. त्यात परीक्षकांनी सातच दिलेत."

पूर्णिमा मॅडमनी हळूच हेब्बारांना बाजूला घेतलं. "बाकीचे उमेदवार ते सॉफ्टवेअर बघूनच पळाले हो. योग्य माणूस मिळेपर्यंत थांबाल का? पगार आहे तोच ठेवू. सिंगापूरवाल्यांना मी सांगते हवं तर."

हेब्बारांनी केक कापला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी सुवर्णा दारातच उभी होती. "काय झालं? मिळाली का नोकरी?"

"नाही मिळाली," हेब्बार बूट काढत म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. "मग आता हो?"

"आता काय? उद्या डबा लवकर दे. नऊला कामावर जायचंय."