पाय वर शे, शेठ!

पेट्रोल महागलं त्या वर्षी जळगावच्या लखीचंदशेठांनी आपल्या जुन्या विलायती मोटारीतलं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, आणि तेव्हापासून ती मोटार कुणाचं ऐकेनाशी झाली. हिलाल ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, तरी ती पळतच राहायची. शेठजी म्हणायचे, हिलालचा पाय जड झाला. ज्याने आजवर रस्त्यावरच्या कोंबडीलाही धक्का लावला नव्हता, त्या हिलालला हा आळ फार झोंबला. पितांबर मिस्त्रीने दोनदा स्प्रिंग बदलली, पण गॅरेजमध्ये मोटार इतकी शहाण्यासारखी वागायची, की शेवटी तोही म्हणाला, "गाडीत खोट नाही, हिलालभाऊ. पाय तपासून घ्या."

अशा मोटारीतून शेठजी धुळ्याला निघाले, थोरला मुलगा निर्मलकुमार याच्यासाठी मुलगी बघायला. मागे शेठजींच्या आई झमकूबाई आणि स्वतः नवरदेव. मुलीचे वडील बन्सीलाल यांचा निरोप होता, 'चहाच्या वेळेला या. त्याआधी मात्र नको.'

एरंडोलपर्यंत सगळं ठीक होतं. मग इंजिन तापलं आणि मोटार उधळली.

"हिलाल, हळू!"

"पाय वर शे, शेठ!"

"मग पळवतंय कोण?"

"तीच पयी राहिनी. मी नुसता बठेल शे!"

शेठजींनी वाकून पाहिलं. "वर म्हणतोस आणि खाली दाबून धरलायस!"

"तो ब्रेक शे, शेठ!"

गाव आलं की हिलाल इंजिन बंद करायची दांडी ओढायचा आणि मोटार घरंगळत गाव ओलांडायची. दांडी सोडली की पुन्हा चौखूर. झमकूबाई डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होत्या. त्यांनी एक डोळा उघडला. "पारोळं आलं? बैलगाडीनं मुक्कामाला यायचो इथं." त्यांच्या आवाजात भीती कमी आणि मौज जास्त होती.

शेठजींना मात्र मौज वाटत नव्हती. "उद्यापासून दुसरीकडे नोकरी बघ," ते म्हणाले. फागणं गाव मागे पडलं तेव्हा हिलालने बाहीने डोळे पुसले.

बन्सीलालांच्या दारात मोटार थांबली तेव्हा चहाचं सोडा, लोकांची जेवणंही उरकली नव्हती. अंगणात एक जीप उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. पाठोपाठ मुलगी बाहेर आली. वेणी पदरात खोचलेली, हात कोपरापर्यंत काळेकुट्ट. हीच गुलाब.

बन्सीलाल जेवणावरून उठून धावत आले आणि जागच्या जागी खिळले. याच हातांपायी दोन स्थळं परत गेली होती. चहाच्या वेळेपर्यंत रॉकेल नि साबण लावून ते उजळायचे, असा त्यांचा बेत होता.

गुलाबचं पाहुण्यांकडे लक्षच नव्हतं. तिचे कान मोटारीकडे होते. इंजिन उभ्या जागी चढत होतं, उतरत होतं. खाली उतरलेला हिलाल दांडी ओढायला वळला.

"थांबा, भाऊ, बंद नका करू! पाय कुठं आहे तुमचा?"

"दोन्ही पाय जमिनीवर शेतस, ताई."

"मग पायाची चूक नाही," गुलाब म्हणाली. शेठजींनी हिलालच्या पायांकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

तिने बॉनेट उघडलं. आधी पेडलची दांडी हलवून पाहिली, मोकळी होती. स्प्रिंगही चांगली होती. मग तिचं बोट इंजिनापासून पंपाकडे जाणाऱ्या बारक्या रबरी नळीवरून फिरू लागलं.

"आमच्या जीपलाही हेच इंजिन आहे. हे हवा ओढतं ना, त्याच ओढीनं या नळीतून पंपातला पडदा मागे सरतो आणि डिझेल कमी होतं. नळी चिरली, की ओढ पडद्यापर्यंत पोचत नाही. पंप आपला ओततच राहतो."

वळणाशी तिचं बोट थांबलं. तिने तिथे अंगठा दाबला, तशी मोटार मांजरीसारखी गुरगुरू लागली. अंगठा उचलताच पुन्हा गर्जना. झमकूबाईंनी टाळी वाजवली.

"थंड असली की चीर मिटते. गॅरेजमध्ये कुणा मिस्त्रीला कशी दिसणार?"

शेठजी हिलालजवळ गेले. सगळ्यांसमोर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाटेत बोललो ते बोलायला नको होतं. माझी चूक झाली." हिलालला पुन्हा बाही लागली.

गुलाबने जीपची नळी काढून मोटारीला बसवली. निर्मलकुमार शेजारी पाने घेऊन उभा होता आणि मागेल त्याऐवजी दुसराच देत होता.

"अगं, आता तरी हात धू!" बन्सीलाल कळवळले.

झमकूबाईंनी ते काळे हात आपल्या हातांत घेतले. "धुवायचे कशाला? हेच बघायला आलो आम्ही."

"आम्हाला मुलगी पसंत आहे," शेठजी म्हणाले.

बन्सीलालांनी आनंदाने लेकीकडे पाहिलं. गुलाबने बॉनेट लावलं, हात पुसले आणि पहिल्यांदाच निर्मलकुमारला नीट न्याहाळलं.

"गाडी पसंत आहे," ती म्हणाली. "यांचं मात्र एक चक्कर मारल्याशिवाय सांगता येणार नाही."

निर्मलकुमारने मुकाट्याने मोटारीचं दार उघडून धरलं. ड्रायव्हरच्या बाजूचं.