विरुद्ध बाजूचा माणूस

अंबरनाथच्या शंकराच्या देवळाच्या भिंतीवर मी एक गोष्ट पाहिली होती, आणि विचारल्यावर पाहिली नाही असं सांगितलं. हे आजवर कोणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही. पण ज्यांनी विचारलं त्या नाना गुप्त्यांची ओळख करून दिल्याशिवाय, त्यात काय एवढं, असंच कोणीही म्हणेल.

नाना चुकले की पेढे वाटायचे.

लोक मुलगा झाला म्हणून वाटतात, पोरगं मॅट्रिक झालं म्हणून वाटतात. नानांची चूक कोणी दाखवून दिली की ते पिशवी घेऊन कॅम्प नंबर तीनच्या बाजारात जायचे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत येऊन नुकतंच दुकान मांडलेला सिंधी हलवाई त्यांना लांबून पाहूनच तराजू पुढे ओढायचा. "आओ साईं, आज क्या गलत हुआ?"

तुळशीला भर दुपारी पाणी घातलं तर ती जळते, असं नानांचं मत. त्यांच्या बायकोने, कावेरीवहिनींनी, उन्हाळाभर मुद्दाम दुपारीच घातलं. तुळस कुंडीबाहेर पसरली आणि आमच्या चाळीत घरोघरी पेढे आले. वहिनी म्हणाल्या, "यांचं बरोबर निघालं तर चार पैसे वाचतात हो. पण निघतंय कुठे."

आम्ही एकाच कारखान्याच्या कचेरीत. ते हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली. साहेबांनी काही सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या की कोपऱ्यातून आवाज यायचा, "ठीक. आता विरुद्ध बाजू कोण सांभाळतंय?" माझं लग्न ठरवायच्या बैठकीतही त्यांनी हेच विचारलं. मुलीच्या मामांनी मुलीचे गुण नुकतेच सांगून संपवले होते. बैठक मोडलीच असं मी धरून चाललो, तेवढ्यात आतून मुलगीच म्हणाली, "मी सांभाळते," आणि तिने स्वतःचे तीन दोष सांगितले. दोन पुढे गेले. तिसरा अजून आहे.

नानांचा एक नियम होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, इतकं नीट, की तो म्हणाला पाहिजे, "हो, हेच." मगच ते खोडायचं. "नाहीतर मग ते नळावरचं भांडण," नाना म्हणायचे. "त्यात आवाज वाढतो, अक्कल वाढत नाही."

आमच्याकडच्या सत्यनारायणात त्यांनी गुरुजींना मध्येच थांबवलं. "गुरुजी, प्रसाद टाकून धावली ती कलावती. मग नाव बुडाली त्यात नावाड्यांचं काय चुकलं?"

"नाना, आरतीला उशीर होतोय."

"होऊ दे. नावाड्यांना बायकामुलं असतील."

बायका पदराआड हसत होत्या. गुरुजी रागावून शिरा न घेताच गेले. आठवड्याने स्वतःहून नानांच्या दारात आले. म्हणाले, "पंचवीस वर्षं ही पोथी वाचतोय. नावाड्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तेव्हापासून झोप नीट नाही." नानांनी त्यांना पाट दिला. दोघं संध्याकाळभर बोलत बसले. उत्तर सापडलं नाही, पण गुरुजी जाताना हलके होऊन गेले.

मग कावेरीवहिनी गेल्या. नाना कचेरीत येत, काम करत, पण साहेब काहीही बोलले तरी कोपऱ्यातून आवाज येईना. काही महिन्यांनी त्यांनी एक प्रश्न हाती धरला, तेव्हा कुठे जरा जीव आला. देवळाच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. का? नानांचं उत्तर असं, की गाभारा जुना, पूर्वी जमिनीच्याच पातळीवर होता. वालधुनी नदीने गाळ आणला, जमीन वर आली, आणि मंडप मागाहून त्या वरच्या जमिनीवर बांधला. "सदाशिव, तू विरुद्ध बाजू," ते मला म्हणाले. "फट शोध."

मी शोधली. एका सोमवारी बाहेरून फिरताना लक्ष तळाकडे गेलं. कोरीव नक्षीची एक पट्टी मंडपाच्या पायथ्याने निघते आणि त्याच उंचीवर, कुठेही न तुटता, गाभाऱ्याच्या भिंतीवर जाते. गाभारा आधीचा असता तर त्याच्या तळची नक्षी गाळात गाडलेली असती. दोन्ही एकदमच बांधलेले होते. गाभारा मुद्दाम खाली ठेवलेला होता.

संध्याकाळी नानांनी विचारलं, "मिळाली फट?"

"नाही," मी म्हणालो.

माणूस दुःखातून आत्ता कुठे वर येतोय, कशाला पाय ओढा, असं मी स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं. गणेशोत्सवात त्यांचं या विषयावर व्याख्यान ठरलं होतं, आणि त्यात माझं नाव ते घेणार होते. मला ते नाव ऐकायचं होतं.

घेतलं त्यांनी. "माझ्या मित्राने, सदाशिवने, यातला शब्द न् शब्द तपासला आहे." टाळ्या पडल्या. मग छावणीतल्या शाळेतले हासानंद मास्तर उठले. आधी नानांचं सगळं म्हणणं त्यांनी मोडक्या मराठीत नीट मांडलं. नाना म्हणाले, "हो, हेच." मग मास्तरांनी पट्टीचं विचारलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं.

नाना व्यासपीठावरून उतरले आणि त्यांनी मास्तरांना मिठी मारली.

परतताना आम्ही दोघंच होतो. "तू पाहिली होतीस ना ती पट्टी?"

"नाही, नाना."

"बरं." बरंच चालल्यावर म्हणाले, "कावेरी गेल्यापासून घरात मला कोणी 'चुकलात' म्हणत नाही. मी म्हणायचो, सदाशिव आहे."

त्यानंतर नाना माझ्याशी सहमत व्हायला लागले. परवा मी मुद्दाम म्हणालो, थंडीत दाढी लवकर वाढते. "असेल," ते म्हणाले. "तू म्हणतोस म्हणजे असेल." रविवारी मात्र ते मास्तरांच्या बराकीत असतात. एकदा बाहेरून जाताना ऐकलं. "नहीं गुप्ते साब, बिलकुल नहीं," मास्तर ओरडत होते, आणि नाना हसत होते. मी आत गेलो नाही.

नाना आमच्यापासून दोन दारं सोडून राहतात. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.