उपाशी यीस्ट आणि दोन चमचे साखर

बेकरीवाल्याने तीस वर्षांत यीस्टला कधी उपाशी ठेवलं नव्हतं, आणि त्याची बायको प्रयोगशाळेत नेमकं तेच करत होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने पीएचडी करायला घेतली होती. उपासमार झाल्यावर बीजाणू तयार करताना यीस्टच्या पेशी पोटातली कर्बोदकं कशी वापरतात, हा तिचा विषय. सोमवारी समितीला बीजाणू दाखवता आले नाहीत तर मुदतवाढ मिळणार नव्हती, आणि चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

रविवारी तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला चर्चेला बोलावलं, म्हणून यंत्रावर हलत असलेल्या यीस्टच्या बाटलीपाशी तिने नवऱ्याला बसवलं. काहीही करायचं नाही, यंत्र बंद पडलं तरच फोन करायचा, असं तीनदा बजावलं.

"अगं, यीस्ट मला शिकवतेस?" तो म्हणाला.

अर्धा तास तो बसला. बाटलीत ना फेस, ना बुडबुडा. बेकरीत असं यीस्ट दिसलं असतं तर त्याने कारागिराला फैलावर घेतलं असतं. पोर उपाशी आहे हे आईला कुणी सांगावं लागत नाही, तसं त्यालाही लागलं नाही. बारा वाजता बाहेरच्या चहाच्या टेबलावरची साखर आणून त्याने एक चमचा बाटलीत सोडला.

यीस्ट ढिम्म. हा त्याला सरळसरळ अपमान वाटला. साडेबाराला दुसरा चमचा गेला. तरी काही नाही. मग ऊब कमी पडत असणार, असं ठरवून त्याने बाटली यंत्रावरून काढली आणि स्वेटरमध्ये गुंडाळली. पण हलवायला तर हवी! तेव्हा ती छातीशी धरून, जोजवत तो व्हरांड्यात फेऱ्या मारू लागला. तिसऱ्या फेरीला समोरून बायको आणि सर आले.

त्याने सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. बायको मात्र पांढरीफटक पडली. साखर मिळाली की यीस्ट बीजाणूंचा नाद सोडून पुन्हा वाढायला लागतं, हे तिने सांगितलं. तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्याला उमगलं आणि त्याने बाटली तिच्या हातात दिली.

"पहिला चमचा किती वाजता घातलात?" तिने विचारलं.

"बाराला."

तिने बोटांवर तास मोजले. काल रात्री आठपासून उपाशी, म्हणजे सोळा तास. ती धावतच सूक्ष्मदर्शकाकडे गेली. बाटलीतला एक थेंब तिने भिंगाखाली धरला. मग तिचे खांदे सैल पडले.

"वाचलो," ती म्हणाली. "बीजाणू करायचं एकदा पक्कं झालं की पेशी मागे फिरत नाहीत. आधी पोटात साठा करून घेतात, मग तोच मोडून खातात. तुमच्या साखरेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही."

पेशी धुऊन घेतल्या की मोजमापही बिघडणार नाही, असं सर म्हणाले. तिने नवऱ्याला भिंगातून बघायला लावलं. एकेका पिशवीत गोल गोल चार दाणे दाटीवाटीने बसले होते. रोज हाताळलेल्या यीस्टचं हे रूप त्याने आजवर पाहिलं नव्हतं. त्याला बायकोचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही.

"हे माझ्याकडे कधी दिसलं नाही ते?"

"कसं दिसेल? तुम्ही त्यांना कधी उपाशी राहू दिलंत का?"

त्याने मान डोलावली. चूक त्याला अगदी मनापासून पटली होती. जरा वेळाने तो हळूच म्हणाला, "झालं ना आता त्यांचं काम? मग आता तरी थोडं खातील का?"