चैत्रातील सात दिवसांची हवा आणि चांगुणाबाईंचे खापर

॥ श्री ॥ जो भरतीस येऊ देतो आणि ओहोटीस जाऊ देतो त्या दर्यादेवास आधी दंडवत, आणि मग वाऱ्यास, कारण त्याचे नाव मागे राहिले तर तो रुसतो. शके अठराशे ऐंशी, विलंबीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध चतुर्थी, वार सोमवार, ते दिवसापासून सात दिवस उत्तर किनाऱ्याच्या राज्यात हवेने काय राजकारण केले आणि त्यात चांगुणाबाईंवर कैसा प्रसंग गुदरला, ते जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे.

राज्य म्हणावे तर केवढे, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस मिठागरे, उत्तरेस खाडी आणि दक्षिणेस सुरूचे बन, इतकीच हद्द. दोनशे उंबरा, चाळीस होड्यांचे आरमार, आणि तटबंदी म्हणाल तर बोंबील सुकवायच्या वलांड्या. बांबू रोवून दोर ताणलेले आणि त्यांवर बोंबिलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या, ऐसा तट धक्क्यापासून देवीच्या देवळापर्यंत होता, आणि त्यामधून चालता अंगावर ऊन पडत नसे. आता तेथे सिमेंटची घरे आहेत आणि ऊन भरपूर आहे. गादीवर हिराजी पाटील होते, मनाने सरळ, परंतु निर्णय करणे आले की मिशीस हात लावून दुसऱ्याकडे पाहणारे. आरमाराचे सरदार धर्माजी तांडेल, ज्यांचे घरी राज्यातील एकुलती एक बोलकी पेटी, म्हणजे रेडिओ होता. आणि हवेचा अधिकार चांगुणाबाईंकडे होता, तो सासूकडून सुनेकडे ऐसा चार पिढ्या चालत आला होता. फाल्गुन-चैत्रात दर सोमवारी धक्क्यावर दरबार भरे आणि बाई पुढील सात दिवसांची हवा सांगत, आणि मग बायका वलांड्या भरीत किंवा न भरीत.

हवा कळायची रीत ऐसी, की शुक्रवारपासून रोज सांजेस ओट्याच्या दक्षिण कोपऱ्यात एका खापरावर मूठभर खडेमीठ ठेवायचे आणि सूर्योदयास बोटाने पाहायचे. मीठ तीन सकाळी कोरडे राहिले तर आठवडा कोरडा, आणि पाझरले तर दक्षिणेचा वारा पाण्याची फौज घेऊन निघाला ऐसे समजायचे. आणि दुसरी रीत ऐसी, की सासू हिंडतीफिरती आहे तोवर ही विद्या सुनेस सांगायची नाही. चांगुणाबाईंनी स्वतः सासूच्या शेवटच्या आजारात, उशाशी बसून ती ऐकली होती. तेव्हापासून छत्तीस वर्षे त्यांनी शब्द दिला आणि एकदाही मागे घेतला नाही. त्यांच्या घरी माघात सून आली होती, नाव वेणू, डोंगरापलीकडल्या भाताच्या मुलखातली. समुद्र तिने लग्नाच्या वरातीत प्रथम पाहिला. सून कामाची होती, पहाटे उठे, ओटा सारवी, आणि बोलणे मात्र चुलीशीच काय ते करी. बाई शेजारणींस म्हणत, "पोर गुणाची आहे गो, पण घरात आहे की नाही ते बघायला दिवा लावावा लागतो."

त्या वर्षी बोंबिलाने मोठा दगा दिला होता. पाडव्याच्या उधाणास मात्र आरमार रविवारी भरून आले, आणि सर्वांस ठाऊक होते की पुढल्या उधाणापर्यंत मासा खोल निघून जाणार. सबब पावसाळ्याचे चार महिने होड्या किनाऱ्यावर ओढल्या की दोनशे घरांनी भाताबरोबर काय खावे, ते सारे या एका म्हावऱ्यात होते. ते सुकले तर बेगमी झाली, भिजले तर मीठ-भात.

मग सोमवारी दरबार भरला आणि धर्माजी तांडेल पुढे होऊन म्हणाले, "काल सांजेस पेटीने सांगितलंय. उत्तर किनारपट्टीवर गुरुवारपर्यंत हवा कोरडी, आणि शुक्रवार-शनिवार तुरळक ठिकाणी हलका पाऊस." तेव्हा बायजाबाई म्हणून एक होती, जिचे तोंड राज्याच्या तोफखान्यात मोजले जाई, ती म्हणाली, "तुरळक ठिकाण म्हणजे कुणाचं गाव रे धर्मा? तिथं आपले कुणी सोयरे आहेत का?" आणि सगळा धक्का हसला. धर्माजी लाल झाले आणि म्हणाले, "पेटीला बायको असती तर तुझ्यासारखी नसती, एवढं नक्की." आणि पुन्हा हशा झाला. मग पाटलांनी मिशीस हात लावून चांगुणाबाईंकडे पाहिले, आणि बाई उठून म्हणाल्या, "तीन सकाळी मीठ खडखडीत आहे. आठवडा कोरडा. टांगा बोंबील." इतके ऐकले मात्र, आणि बायकांनी पदर खोचले, आणि दिवस मावळायच्या आत तट भरून उभा राहिला.

मंगळवारी उत्तरेच्या वाऱ्याने उत्तम चाकरी केली. बुधवारीही दुपारपर्यंत तो हजर होता, आणि मग कोणास न सांगता रजेवर गेला. गुरुवारी उजाडता उजाडता चांगुणाबाई वलांडीकडे गेल्या आणि एक जोडी हातात घेतली, तर ती तीन दिवसांची सुकी जोडी वाकली, मोडली नाही, आणि दोरही हातास दमट लागला. बाईंच्या मनात काही हलले. त्या नेहमीची अंघोळ न करता तशाच मागे फिरल्या आणि ओट्याशी आल्या, तो वेणू खापर हातात घेऊन उभी, आणि त्यातले मीठ माडाच्या बुंध्याशी टाकीत होती.

"काय करतेस गो ते?" बाई म्हणाल्या.

वेणू दचकली आणि म्हणाली, "मीठ पाझरलं होतं आत्याबाई. म्हणून बदलते. दुसरं तव्यावर परतून ठेवलंय."

"बदलतेस? कधीपासून?"

"शनिवारपासून रोजच. रोज पाझरतंय मेलं." आणि मग बाईंचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "आमच्याकडं सासूच्या पुढ्यात ओलं मीठ आलं तर माहेराचा उद्धार होतो. तुम्ही रोज सकाळी बोट लावून बघता, म्हटलं माझी परीक्षाच चाललीय. तुम्ही यायच्या आत बदलत होते."

चांगुणाबाई ओट्यावर बसल्या. राग आला होता, परंतु तो कोणावर काढावा ते उमगेना, कारण मुलीने सासूचा मान राखला होता आणि सासूने रीत राखली होती. आणि त्या दोन मानांच्या मध्ये राज्याची चार महिन्यांची भाकरी दोरावर टांगलेली होती. गप्प बसावे, तर पाऊस येईल आणि लोक म्हणतील देवाची मर्जी. बोलावे, तर छत्तीस वर्षांचा शब्द जाईल. आणि सुनेने घोटाळा केला म्हणावे, तर शब्द राहील, परंतु वेणू या किनाऱ्यावर जन्मभर मीठ बदलणारी म्हणून ओळखली जाईल. ऐसा विचार बाईंनी केला, तो ओटा सुकायला लागतो तेवढाच वेळ, आणि मग त्या उठल्या, आणि म्हणाल्या, "ते खापर तसंच ठेव. आणि माझ्याबरोबर चल."

आधी त्या धर्माजींच्या दारी गेल्या आणि म्हणाल्या, "पेटी लाव." धर्माजी पायरीवर चहा पीत होते, ते म्हणाले, "का हो चांगुणाकाकी? तुमच्या मिठाचं तोंड बंद झालं वाटतं?" बाई म्हणाल्या, "टोमणा पुरवून मार, दिवस मोठा आहे. आता पेटी लाव." पेटीने थोडी खरखर करून सांगितले, की उद्या तुरळक ठिकाणी पाऊस. बाई म्हणाल्या, "ते ठिकाण आपलंच आहे, धर्मा." धर्माजींनी बशी खाली ठेवली आणि पुढे टोमणा मारला नाही.

मग धक्क्यावर थाळी वाजली आणि लोक धावले, आणि बाईंनी उभे राहून सांगितले, "सोमवारी मी सांगितलं ते चुकलं. उद्या पाऊस आहे. वलांड्या उतरवा." आकाश त्या वेळी कोऱ्या कापडासारखे स्वच्छ होते. बायजाबाई म्हणाली, "अगो, ऊन बघ, डोळे दिपतायत! मीठ चुकलं की तू चुकलीस?" बाई म्हणाल्या, "मीठ बरोबर होतं. वाचण्यात चूक झाली, ती माझी." वेणू मागे उभी होती, तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पाटील म्हणाले, "चांगुणाबाय, अर्धे सुके बोंबील ढिगात घातले आणि पाऊस नाहीच आला, तर?" बाई म्हणाल्या, "तर दोन दिवसांत आंबतील, आणि तुम्ही मला वाळीत टाका." पाटलांनी मिशीस हात लावून इकडे तिकडे पाहिले, परंतु ज्यांच्याकडे पाहायची सवय होती त्या चांगुणाबाईच समोर उभ्या होत्या, सबब त्या दिवशी पाटलांस स्वतः निर्णय करावा लागला, आणि ते म्हणाले, "उतरवा."

आणि मग जी धांदल उडाली ती त्या राज्याने लढाईतही पाहिली नसेल. भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस असल्याने होड्या घरीच होत्या. धर्माजींनी चाळीसही होड्यांची शिडे सोडविली आणि धक्क्यावर बांबूंचे मांडव घातले, आणि बायकांनी जोड्या उतरवून मांडवाखाली पातळ थर करून मांडल्या. वेणू या टोकाहून त्या टोकास पाट्या वाहत होती, आणि न सांगता एकेका थरात हात घालून पाहत होती. सांजेपर्यंत तट रिकामा झाला, फक्त बायजाबाईच्या दोन वलांड्या उभ्या राहिल्या. ती म्हणाली, "एकदा सांगितलं टांगा, टांगले. आता माझे हात दुखतात."

शुक्रवारी सकाळी ऊन पडले. बायजाबाई आपल्या वलांडीखाली खाट टाकून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास म्हणाली, "या हो, तुरळक ठिकाण बघायला या." दुपारी मांडवातून आंबूस वास येऊ लागला आणि लोक चांगुणाबाईंकडे पाहीनासे झाले. बाई धक्क्यावर बसून होत्या, जेवल्या नाहीत, दक्षिणेकडे तोंड करून होत्या. तिसऱ्या प्रहरी सुरूच्या बनात आवाज जाहला आणि बन एका बाजूस वाकले, आणि मग दक्षिणेच्या वाऱ्याने हद्द ओलांडली, आणि पाऊस पाऊण तास पडला, असा की पलीकडले घर दिसेना. शिडे फुगली, गळाली, परंतु टिकली. बायजाबाई खाट डोक्यावर घेऊन पळाली, तेव्हाही बोलतच होती, परंतु पावसात काय बोलली ते कळले नाही. शनिवारी सकाळी चार थेंब आले आणि गेले. रविवारी उत्तरेचा वारा काही झालेच नाही ऐशा तोऱ्यात कामावर रुजू झाला, आणि बोंबील पुन्हा दोरावर चढले. तळचे थोडे आंबले होते, ते माडांच्या मुळाशी गेले. बायजाबाईचे सगळे गेले, तिला घरटी एक एक जुडी मिळाली, आणि ती घेताना प्रत्येक जुडी लहान आहे ऐसे तिने सांगितले.

मग दुसऱ्या सोमवारी दरबार भरला आणि पाटील म्हणाले, "चांगुणाबाय, हवा सांगा." बाई उठल्या, आणि मीठ कोणी बदलले, का बदलले आणि रीत काय होती ते सारे सांगून म्हणाल्या, "सुनेला सांगायचं नाही, ही रीत. म्हणून हे झालं. शनिवारपासून रोज सकाळी हवा माझ्या आधी हिला कळत होती, आणि ही बिचारी ती हवा उचलून माडाखाली टाकत होती. माझी रीत आज संपली. आता खापर हिचं." एक म्हातारी म्हणाली, "सासू धडधाकट असताना?" बाई म्हणाल्या, "धडधाकट आहे म्हणूनच देते. आजारात सांगितलं तर अर्धं विसरेन."

वेणू पदर सावरून पुढे आली. दोनशे घरे तिच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "मीठ कोरडं आहे." आणि मग थोडे थांबून म्हणाली, "मी बदललेलं नाही." तेव्हा सर्वांत आधी हसल्या त्या चांगुणाबाई.

सारांश, त्या सप्तकात तीन दिवस हवा कोरडी, गुरुवारी हवेत ओल, शुक्रवारी पाऊस पाऊण तास, शनिवारी चार थेंब, रविवारी निरभ्र, आणि राज्याची बेगमी वाचली. त्या पावसाळ्यात दोनशे घरांनी भाताबरोबर बोंबील खाल्ले, आणि ज्या घरी हे लिहिले आहे तेथे अजून सुनेस पहिल्या दिवशी खापर दाखवितात.